एका वासराचे दोन निकाल

उर्सिना काडुफला निकाल लिहिता लिहिता अकरा वर्षं झाली होती. स्वित्झर्लंडमधल्या हेरिसाऊच्या आश्रय अपील न्यायालयात निकाल देत न्यायाधीश, पण लिहून काढत लेखनिक. न्यायाधीश फार तर शेवटचं पान वाचून सही ठोकत. देशोदेशींहून जीव मुठीत धरून आलेल्या माणसाला खालच्या कचेरीनं "परत जा" म्हटलं, की त्याचं अपील या इमारतीत येई आणि उर्सिनाच्या मेजावरून "राहा" किंवा "जा" होऊन बाहेर पडे. तिचा हात असा बसला होता की एकाच हकिकतीचं ती दोन्ही करून देऊ शके. माणूस बारीकसारीक सगळं सांगत असेल, तर "असा तपशील स्वतः भोगल्याशिवाय सांगता येत नाही" असंही लिहिता येतं, आणि "असा तपशील पाठांतराचा संशय निर्माण करतो" असंही. माणूस अडखळला, तर तो यातनांचा परिणाम, नाहीतर खोटं पकडलं गेल्याची खूण. तिच्या संगणकात या वाक्यांचे दोन गठ्ठे होते. जुना मजकूर पुन्हा वापरून वेळ वाचवल्याबद्दल न्यायालयानं तिला एकदा प्रशस्तिपत्रक दिलं होतं, वर ताटाएवढा मधाचा केकही.

कोणता गठ्ठा उघडायचा, हे तिला फाइल न वाचताच समजे. फाइलीवर न्यायाधीशाचं नाव असे आणि नावामागे पक्ष. बर्नच्या संसदेत ज्या पक्षाचं जितकं बळ, तितक्या खुर्च्या त्याच्या वाट्याला. भावाभावांत कुरण वाटून घ्यावं तसं हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. दर सहा वर्षांनी संसद न्यायाधीशांना पुन्हा निवडून देई. खुर्चीवर बसवणारा पक्ष, सहा वर्षांनी उठवू शकणारा तोच पक्ष, आणि मधल्या काळात न्यायाधीश मात्र पूर्ण स्वतंत्र, असं सगळे मानत. मानायला कुणाचं काय जातं?

हान्सयोर्ग निडरमान हे देशपक्षाचे न्यायाधीश. नावात निडर आहे म्हणून कुणी फसू नये. पूर्वी ते दूध संघांचे वकील होते, गाईगुरांचे तंटे सोडवत. न्यायाधीश व्हायची हौस होती आणि त्या वर्षी रिकामी खुर्ची होती ती फक्त देशपक्षाची. ते मंगळवारी पक्षाचे सभासद झाले आणि पुढच्या आठवड्यात उमेदवार. देशपक्षाचं म्हणणं एका ओळीचं होतं: होडी भरली, आता देशात कुणाला घेऊ नका. होडी भरली की नाही, याबद्दल निडरमानांना काही मत नव्हतं. त्यांनी फक्त आपली बसायची जागा पाहिली होती. माणूस मवाळ. घरी मधमाश्या पाळायचा आणि नाताळात उर्सिनाला मधाची बाटली द्यायचा.

एप्रिलमध्ये यांगझोम नावाच्या तिबेटी मुलीची फाइल आली. वय चोवीस. कोणती फाइल कुणाकडे जावी हे न्यायालयाचा संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवायचा. ही निडरमानांच्या वाट्याला आली. खालच्या कचेरीचं म्हणणं, ही मुलगी मुळात तिबेटची नाहीच, नेपाळात किंवा भारतात वाढलेली असणार. तालुक्याच्या गावी सातूचं पीठ काय भावानं मिळतं, हे तिला धड सांगता आलं नव्हतं, आणि बोलण्यात दोन शब्द नेपाळी आले होते. नेपाळात ती आठ महिने लपून राहिली होती, हे त्याच फाइलीत पुढे लिहिलेलं होतं, पण पुढचं वाचायला वेळ कुणाला?

निडरमानांनी वाचलं. दुपारी त्यांनी उर्सिनाला बोलावून घेतलं आणि दार लावून घेतलं.

"काडुफबाई, पान चौदा वाचलंत?"

"वाचलं, साहेब."

"मोठ्यानं वाचा बरं एकदा."

उर्सिनानं वाचलं. बापानं ताकाच्या रवीमागे बंदी असलेली एक तसबीर लपवून ठेवली होती. कुणीतरी चुगली केली आणि सकाळी पोलीस आले. त्याच वेळी गोठ्यात जोमो, म्हणजे याकच्या संकराची गाय, अडली होती. वासराचे मागचे पाय आधी आले होते. यांगझोमनं शेपूट धरली होती, तिच्या थोरल्या बहिणीनं ऊन पाण्याचं भांडं. बाप एकटा ओढत होता आणि त्याला जमत नव्हतं. तेव्हा पोलिसांतल्या एकानं कोट काढला, बाह्या सारल्या, दोर घोट्याच्या वर बांधून घेतला आणि बापाबरोबर ओढायला लागला. वासरू जिवंत निघालं. पोलिसानं त्याच ऊन पाण्यात हात धुतले, कोट घातला आणि बापाला घेऊन गेला. बाप परत आला नाही.

निडरमानांनी फाइल आपल्याकडे ओढून ते पान पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "मी उर्नेश गावच्या गोठ्यात वाढलो. दोर घोट्याच्या वर बांधायचा, खाली बांधला तर खूर निखळतो, हे पुस्तकात वाचून कुणी सांगत नाही. आणि त्या पोलिसाची गोष्ट. खोटं बोलणारा माणूस पोलिसाला दुष्ट करतो, काडुफबाई. त्याच्याकडून वासरू ओढवून घेत नाही."

"म्हणजे मान्य?"

"मान्य. लिहा छान."

उर्सिनानं खरोखर छान लिहिलं. देशपक्षाच्या न्यायाधीशासाठी पहिला, मान्यतेचा गठ्ठा उघडायची वेळ क्वचित येई. तिनं त्या दिवशी एकही जुनं वाक्य वापरलं नाही.

मसुदा सहीसाठी पडून होता आणि मे महिन्यात एका वर्तमानपत्रानं यादी छापली. कुणा हुशार पत्रकारानं सहा वर्षांचे सगळे निकाल मोजून न्यायाधीशांचे क्रमांक लावले होते, बर्फावरून घसरण्याच्या शर्यतीत लावतात तसे. कुणी किती अपिलं मान्य केली, कुणी किती फेटाळली, नावापुढे पक्षाचा रंग. देशपक्षाच्या रंगात सगळ्यात वर, म्हणजे सगळ्यात मऊ, हान्सयोर्ग निडरमान. श्रमिक पक्षाच्या रंगात सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात कठोर, कात्रिन व्यूस्ट. त्या दिवशी न्यायालयाच्या जेवणघरात दोघंही आले नाहीत.

आठवड्याभरानं उर्सिना आणि निडरमान समोरच्या टपरीवर सॉसेज घ्यायला उभे होते. तिथं देशपक्षाचे चिटणीस उर्स ग्म्यूर अचानक भेटले. ते झुरिकला राहत. हेरिसाऊत सॉसेज खायला ते यापूर्वी कधी आल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"काय साहेब, माश्या काय म्हणतात?" ग्म्यूरनी विचारलं.

"यंदा थंडी लांबली. पोळी अशक्त आहेत."

"राणी म्हातारी झाली असेल. बदलावी लागते म्हणतात मधूनमधून." ग्म्यूर उर्सिनाकडे बघून हसले. "खटल्यांबद्दल मी एक अक्षर काढणार नाही हं बाई, भिऊ नका. न्यायालय स्वतंत्र आहे आणि आमच्या पक्षाला त्याचा अभिमान आहे."

"तसंच आहे," निडरमान म्हणाले.

"यादी तेवढी जुलैत पक्की करायचीय. सप्टेंबरच्या निवडणुकीची. आमची तरुण मंडळी कुरकुर करतात, मी म्हटलं, अरे निडरमान आपलाच माणूस. आपलाच ना?"

"म्हणजे काय."

"तेच म्हटलं मी त्यांना. धाकट्या लेकीचं घर कुठवर आलं? छत घातलं का?"

तेवढ्यात टपरीवाल्यानं सॉसेज पुढे केलं आणि निडरमानांनी मोहरीची चटणी मागितली. त्या मुलखात सॉसेजवर मोहरी मागणं म्हणजे सॉसेज नासकं आहे असं तोंडावर सांगणं. टपरीवाला त्यांना वीस वर्षं ओळखत होता. त्यानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि काही न बोलता पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला. साहेबांचं चित्त ठिकाणावर नाही, हे उर्सिनाला तिथंच कळलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तिला बोलावलं. या वेळी दार तिलाच लावायला सांगितलं.

"तो तिबेटी मसुदा जरा थंड करायला हवा, काडुफबाई."

"कितपत थंड?"

निडरमानांनी खिडकीबाहेर पाहिलं. "उलटा," ते म्हणाले.

"पण वासरू..."

"पोलीस कामावर असताना गुरांचं बाळंतपण करतो, हे सर्वसामान्य अनुभवाशी जुळत नाही. असं काहीतरी. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं जमतं."

तिला चांगलंच जमत होतं. चाळीस मिनिटांत झालं. "अर्जदाराच्या कथनातील नाट्यमय योगायोग सर्वसामान्य अनुभवाशी विसंगत असून, पशुपालनाचे ज्ञान हे विशिष्ट देशात वाढल्याचा पुरावा ठरत नाही, गाई सर्वत्र व्यातात." शेवटचे तीन शब्द टंकताना ती स्वतःशीच खुदकन हसली, कारण वाक्य खरंच झकास उतरलं होतं. संध्याकाळी घरी बटाटे सोलताना तिला ते वाक्य आठवलं आणि सुरी खाली ठेवावी लागली.

जूनच्या पहिल्या आठवड्यात व्यूस्टबाईंनी हाक मारली. दोन लेखनिक रजेवर असल्यानं उर्सिना त्या महिन्यात त्यांचंही काम बघत होती. बाई कामसू, वक्तशीर, आणि गेले तीन आठवडे झोप न झालेल्या. वर्तमानपत्रातल्या यादीनंतर श्रमिक पक्षाच्या महिला आघाडीनं त्यांना पत्र पाठवलं होतं. पत्रात एक शब्द दबावाचा नव्हता. फक्त "आपल्याविषयी चिंता वाटते" एवढंच होतं, आणि खाली बावीस सह्या.

"मला या महिन्यात मान्यता हव्यात, काडुफबाई," व्यूस्टबाई म्हणाल्या. मग घाईनं, "म्हणजे, असतील तर. ही एक बघा. तिबेटी आहे. मला बरी वाटते."

उर्सिनानं फाइल उघडली. नाव नोर्झिन, वय एकोणतीस. तिबेटी लोकांत आडनाव नसतं, त्यामुळे नावावरून काही कळलं नाही. पान अकरावर तिनं वाचलं, की पोलीस आले तेव्हा जोमो अडली होती आणि मी ऊन पाण्याचं भांडं धरून उभी होते, धाकट्या बहिणीनं शेपूट धरली होती. उर्सिनानं गावाचं नाव पाहिलं, आईचं नाव पाहिलं. थोरली धाकटीच्या चार महिने मागून आली होती, वेगळ्या वाटेनं, म्हणून कचेरीनं फाइलीही वेगळ्या केल्या होत्या. पिठाचा भाव थोरलीलाही आला नव्हता.

"बाई, हिची सख्खी बहीण आपल्याच न्यायालयात आहे," ती व्यूस्टबाईंना म्हणाली. "तीच हकिकत, तेच वासरू. ती फेटाळली जातेय."

"कुणाकडे आहे?"

"निडरमानसाहेबांकडे."

व्यूस्टबाईंनी तापलेल्या तव्याला हात लागल्यासारखे दोन्ही हात मागे घेतले. "मग तुम्ही मला काही सांगितलं नाहीत आणि मी ऐकलं नाही. दुसऱ्या न्यायाधीशाच्या फाइलीत मी नाक खुपसायचं म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यावर घाला."

उर्सिना निडरमानांकडे गेली. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला. "व्यूस्टबाईंना जे योग्य वाटेल ते त्या करतील. मी त्यांच्यावर प्रभाव टाकणं बरं दिसत नाही."

मग ती विभागप्रमुख डॉक्टर श्मुकी यांच्याकडे गेली आणि दोन्ही फाइली एका न्यायाधीशाकडे द्या म्हणाली. श्मुकी दुखावले. "काडुफबाई, वाटप संगणक करतो. संगणकाला पक्ष नाही, बहीण नाही. एकदा आपण माणसांनी त्यात हात घातला की झाला राजकीय हस्तक्षेप सुरू."

निडरमानांच्या आणि व्यूस्टबाईंच्या दारात बारा पावलांचं अंतर होतं. उर्सिनानं ते त्या दिवशी मोजलं. त्या इमारतीत स्वातंत्र्य इतकं उदंड होतं की बारा पावलांवरून एक कागद पलीकडे जाऊ शकत नव्हता.

तिनं मग एक गोष्ट केली. फार मोठी नाही. नोकरीत बसेल इतकीच. दोन्ही निकालपत्रांत हकिकतीचा भाग तिनं शब्दन्‌शब्द सारखा लिहिला. तीच वाक्यं, तीच पानं, त्याच क्रमांकाचे परिच्छेद. फक्त शेवटच्या पानावर थोरलीसाठी लिहिलं, "असा अनपेक्षित तपशील केवळ प्रत्यक्ष अनुभवातूनच येऊ शकतो," आणि धाकटीसाठी लिहिलं, गाई सर्वत्र व्यातात. दोन्ही न्यायाधीशांनी आपापलं शेवटचं पान वाचलं आणि सही केली. नियमाप्रमाणे नावं गाळून दोन्ही निकाल त्याच शुक्रवारी न्यायालयाच्या संकेतस्थळावर लागले.

ब्रुनो फेड्रिझी हा चर्चच्या तळघरात बसून निर्वासितांची अपिलं फुकट लिहून देणारा वकील. थोरलीच्या मान्यतेचं पत्र आणि धाकटीच्या नकाराचं पत्र त्याच्याकडे एकाच टपालानं आलं. त्यानं दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, डाव्या हाताचं बोट डावीकडे आणि उजव्या हाताचं उजवीकडे फिरवत गेला, आणि शेवटच्या पानावर दोन्ही बोटं थांबली. सोमवारी त्याच वर्तमानपत्रानं दोन निकाल दोन रकान्यांत छापले.

मग देशात जो गदारोळ झाला, तो वासरावरून झाला. पोलीस वासरू ओढेल की नाही, यावर संपादकांना तीनशे पत्रं गेली. एका निवृत्त पोलिसानं कळवलं की आपण १९८१ साली गणवेशात दोन वासरं ओढली होती. एका पशुवैद्यानं मागचे पाय आधी आले तर किती मिनिटं हातात असतात ते आकृती काढून समजावलं. श्रमिक पक्ष म्हणाला, धाकटीलाही आश्रय द्या. देशपक्ष म्हणाला, थोरलीचाही काढून घ्या. समान न्याय म्हणजे समान न्याय. दोन्ही पक्षांच्या निवेदनात शेवटची ओळ एकच होती, की न्यायालयाच्या स्वातंत्र्यात कुणीही ढवळाढवळ करू नये. त्या दोन बहिणी कुठं राहतात, काय खातात, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. त्या एका डोंगरावरच्या छावणीत एका खोलीत राहत होत्या आणि धाकटीला चौदा दिवसांत देश सोडायचा होता.

श्मुकींनी उर्सिनाला बोलावलं.

"दोन निकालांत तोच मजकूर कसा आला?"

"मजकूर पुन्हा वापरला, डॉक्टर. वेळ वाचतो. त्याबद्दल मला आपल्याकडून प्रशस्तिपत्रक आहे."

"पण दोन वेगळे निकाल..."

"निकाल न्यायाधीशांचे. हकिकत एकच होती, म्हणून एकदाच लिहिली."

श्मुकींनी नियमांचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. तिच्यावर रागावण्यासाठी नियम लागला असता, आणि तसा नियम त्यांनी कधी केलाच नव्हता.

फेड्रिझीनं फेरविचाराचा अर्ज टाकला आणि चौदा दिवसांची मुदत थांबली. सप्टेंबरात बर्नला निवडणूक झाली. निडरमान दोनशे मतांच्या घरात निवडून आले, व्यूस्टबाई त्यांच्यापेक्षा नऊ मतांनी कमी. वासराच्या भानगडीत दोघांचाही फायदाच झाला होता: देशपक्षाला निडरमान बोटचेपे नाहीत हे दिसलं आणि श्रमिक पक्षाला व्यूस्टबाई निर्दय नाहीत हे दिसलं.

निवडणुकीच्या दुसऱ्या दिवशी निडरमान शीळ घालत आले. उर्सिनाच्या मेजावर मधाची बाटली ठेवली, नाताळ लांब असताना.

"सहा वर्षं आता कुणी सॉसेज खायला येत नाही, काडुफबाई," ते म्हणाले. मग आवाज खाली आणला. "त्या मुलीचं काय झालं?"

"कुठल्या मुलीचं?"

"अहो, ती. वासराची."

"फेरविचार चालू आहे. दुसऱ्या न्यायाधीशाकडे."

"मला पहिल्यापासून खात्री होती हो. पान चौदा वाचलं तेव्हाच."

उर्सिनानं लिहायचं थांबवलं. "मग तसं लिहून द्या, साहेब. पहिला मसुदा संगणकात आहे, तारखेसकट. तुम्ही एक ओळ लिहिलीत की माझं मूळ मत हे होतं, तर त्या मुलीचं काम होईल."

निडरमान बाटलीचं झाकण घट्ट करत राहिले. ते आधीच घट्ट होतं.

"सहा वर्षांनी पुन्हा निवडणूक असते, काडुफबाई," ते म्हणाले, आणि आपल्या खोलीत गेले.

फेरविचाराची फाइल संगणकानं मध्यम पक्षाच्या न्यायाधीशाकडे दिली. मध्यम पक्षाला कुणालाच दुखवायचं नव्हतं. तेच त्यांचं धोरण. न्यायाधीशांनी आधी भाषातज्ज्ञ बोलावला. तज्ज्ञानं दोन्ही बहिणींशी फोनवर तासभर बोलून कळवलं की दोघी एकाच खोऱ्यातली बोली बोलतात. त्यावर न्यायालयानं विचारणा केली, की धाकटीनं ही बोली छावणीत थोरलीकडून शिकून घेतली असण्याची शक्यता आहे काय. तज्ज्ञानं उत्तर दिलं, होय, शिकून घेतली आहे, पण वयाच्या दुसऱ्या वर्षी. तिकडे सरकारनं नेपाळला आणि भारताला पत्रं पाठवली, की ही बाई तुमची आहे का. दोघांनीही नाही म्हणून कळवलं.

नोव्हेंबरात निकाल ठरला, आणि तो लिहायला उर्सिनाकडेच आला, कारण हकिकतीचा मजकूर तिच्याकडे तयार होता. यांगझोमला आश्रय नाही. पण तिला परत पाठवायला देशही सापडत नाही, सबब तूर्त राहू द्यावं, एका वर्षाच्या तात्पुरत्या परवान्यावर. वर्ष संपलं की पुन्हा विचार. वासराबद्दल काय लिहायचं, हा प्रश्न होता. मान्य केलं तर निडरमान चुकले, अमान्य केलं तर व्यूस्टबाई. न्यायाधीशांनी मार्ग काढला: "वासराचा प्रश्न न्यायालय खुला ठेवीत आहे." देशपक्षानं पत्रक काढलं की आश्रय रोखला. श्रमिक पक्षानं काढलं की हकालपट्टी रोखली. सगळे समाधानी होते. उर्सिनानं तो निकाल लिहिला, कारण नाही लिहिला असता तर दुसऱ्या कुणी याहून वाईट लिहिला असता. असं ती अकरा वर्षं स्वतःला सांगत आली होती. त्या दिवशी ते थोडंफार खरंही होतं.

डिसेंबरच्या एका सकाळी खालून निरोप आला, की एक बाई निकालपत्र घेऊन आल्यात आणि त्यातली एक ओळ समजत नाही म्हणतात. न्यायालयात अर्जदार कधी येत नसत. सगळा कारभार कागदोपत्री. उर्सिनानं अकरा वर्षांत एकही अर्जदार डोळ्यांनी पाहिला नव्हता. ती खाली गेली. काचेपलीकडे एक बुटकी, रुंद चेहऱ्याची मुलगी उभी होती, अंगात वृद्धाश्रमाच्या धोबीघराचा निळा झगा, पायांत बर्फाचे बूट. इथली भाषा ती सावकाश, शब्द मोजत बोलत होती.

"मी यांगझोम. बाई, इथं लिहिलंय मी तात्पुरती आहे."

"हो. एक वर्ष. मग पुन्हा बघतील."

"आणि नोर्झिन कायमची."

"हो."

यांगझोमनं मान हलवली, भाव ऐकून घ्यावा तशी. मग पान उलटून एका ओळीवर बोट ठेवलं. बोटाची कातडी साबणानं पांढरी पडली होती. "ही ओळ नाही कळली. वासराचा प्रश्न खुला म्हणजे काय?"

"म्हणजे," उर्सिना म्हणाली, "ते खरं की खोटं, ते न्यायालयानं ठरवलं नाही."

"पण ते वासरू आता मोठं झालं. दोनदा व्यालं. आईनं फोनवर सांगितलं." मुलगी खरोखर गोंधळली होती, तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "आधी लिहिलं, पोलिसानं ओढलं नाही. मग कुणी ओढलं? बाबांना एकट्याला जमत नव्हतं."

उर्सिनाच्या संगणकात या प्रश्नाचं वाक्य नव्हतं, दोन्ही गठ्ठ्यांत नव्हतं.

"त्यानंच ओढलं," ती म्हणाली. "मला माहीत आहे."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मी वाचलंय. बऱ्याचदा."

"मग तसं लिहीत का नाहीत?"

उर्सिनानं पक्ष, खुर्च्या, सप्टेंबर, ग्म्यूर, बावीस सह्या हे सगळं सांगायला तोंड उघडलं, आणि त्यातलं एकही या मुलीला नीट सांगता येण्यासारखं नाही, हे तिच्या ध्यानात आलं. ती फक्त म्हणाली, "चुकलं आमचं."

यांगझोमनं कागदाची नीट चौघडी केली आणि झग्याच्या खिशात घातली. "चालेल," ती म्हणाली. "दुपारची पाळी आहे, निघते." ती बर्फातून उतारावरून खाली जाताना उर्सिना काचेमागून बघत राहिली, दारावरच्या माणसानं "बाई, अजून काही?" असं विचारेपर्यंत.

जानेवारीत उर्सिनानं राजीनामा दिला. निरोप समारंभ झाला, श्मुकी छान बोलले, निडरमान आले आणि लवकर गेले. फेब्रुवारीपासून ती चर्चच्या तळघरात फेड्रिझीच्या समोरच्या टेबलावर बसू लागली. पगार निम्म्याहून कमी. खिडकीतून लोकांच्या पोटऱ्या तेवढ्या दिसत. पहिल्या तीन-चार महिन्यांतच तिनं हाताळलेली पाच अपिलं मान्य झाली. फेड्रिझीला आनंद झाला आणि थोडं अवघडल्यासारखंही झालं, कारण वीस वर्षांत त्याला पाच जमली नव्हती.

"तुम्ही काय वेगळं करता हो, उर्सिना?" त्यानं विचारलं. "पुरावे तर मीही हेच देत होतो."

"फाइल कुणाकडे गेली ते आधी पोचपत्रावर बघते, मग पुढचं निवेदन लिहिते. व्यूस्टबाईंना मुलं असलेली आवडतात, पण रडलेली आवडत नाहीत. निडरमानसाहेबांना गुरं, शेत, हवामान. पहिल्या पानावर बर्फ पडलेला असला तर उत्तम. मध्यम पक्षाला परतीचा देश नसलेला माणूस लागतो."

"हे बरं नाही," फेड्रिझी म्हणाला.

"नाही," उर्सिना म्हणाली. "बसा."

एके दिवशी एक अफगाण मास्तर आला, नकाराचं पत्र आणि पिशवीभर दाखले घेऊन. उर्सिनानं एकेक दाखला वाचला. मास्तर तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता.

"बाई, पुरावा कमी पडेल का?"

"पुरावा भरपूर आहे," ती म्हणाली. तिनं टपालातून आलेलं पोचपत्र उलटून न्यायाधीशाचं नाव पाहिलं. मधल्या मुदतीत रिकाम्या झालेल्या खुर्चीवर हंगामी नेमणुकीनं नुकताच आलेला कुणी तरुण, आणि त्याची पहिली निवडणूक या सप्टेंबरात. "अपील दाखल आहेच. हे दाखले मात्र भाषांतराला वेळ लागतोय म्हणून आपण एकेक करून देऊ. सावकाश. ऑक्टोबर उजाडू दे."

"ऑक्टोबरात काय होतं?" मास्तरनं विचारलं.

"ऑक्टोबरात तुम्ही खरे ठरू शकता," उर्सिना म्हणाली, आणि पहिला दाखला तिनं वेगळा काढून ठेवला.